हरकत असल्यास कळवावी

"तुमचे घोडे माझ्या हद्दीत आले तर त्यातला एक बी जिता माघारी जाऊ द्यायची न्हाई. मग मला म्हनू नका."

भिंतीपलीकडून बाईचा आवाज आला. आवाजात राग नव्हता. भाजीवालीला उद्याची मेथी सांगून ठेवावी तसं ती बोलत होती. त्यावर एक पुरुषी आवाज म्हणाला, "सात दिवसांची नोटीस द्यावी लागते." बाई म्हणाली, "दिली की. काल भाकरी थापताना दिली." मग थोडा वेळ सूप पाखडल्याचा आवाज आला आणि त्याच बाईनं विचारलं, "वांग्यात कूट घालू का?"

आम्ही त्या दिवशी सकाळीच केडगावच्या घरात राहायला आलो होतो. मी मागच्या अंगणात दोरीवर ओले कपडे टाकत होते. आई दारात उभी राहून ऐकत होती. ती मला हळूच म्हणाली, "टांगेवाले दिसतायत." पुढचे दोन दिवस आम्ही घोड्यांच्या लिदीचा वास यायची वाट पाहिली. वास आला नाही.

हे बहात्तर सालच्या सुरुवातीचं. वडिलांची नगरला बदली झाली होती. डिसेंबरातली लढाई संपून महिना झाला होता, तरी त्या घराच्या खिडक्यांच्या काचांवर ब्लॅकआउटचे काळे कागद तसेच चिकटलेले होते. मी पुण्याला कॉन्व्हेंटमध्ये शिकले होते आणि आता नगरच्या कॉलेजात बी.ए.ला नाव घातलं होतं. शाळेत मराठी बोलायला बंदी होती आणि घरी इंग्रजी शब्द तोंडातून गेला की आत्या हसायच्या. दोन्हीकडून चुकण्यापेक्षा गप्प बसणं मला सोयीचं वाटायचं. ही सोय एकदा अंगवळणी पडली की लोक तिला स्वभाव म्हणतात. माझा तो स्वभाव होऊन बरीच वर्षं झाली होती.

तिसऱ्या दिवशी पठारे काका स्वतःच आले. उंच, वाळकुडे, डोक्यावर काळी टोपी, सदऱ्याच्या खिशात मोजपट्टी. ते फाटकातून आमच्या पायरीपर्यंत ओठ हलवत आले आणि वडिलांना नमस्कार करण्याआधी म्हणाले, "सव्वीस पावलं. आधीच्या भाडेकरूंनी पायरी पुढं घेतली, नाहीतर सत्तावीस होती."

ते मोजणी खात्यातून निवृत्त झाले होते. तीस वर्षं त्यांनी जिल्हाभर साखळ्या ओढून लोकांच्या जमिनी मोजल्या होत्या, आणि आता मोजायला जमीन उरली नसल्यामुळे ते बाकी सगळं मोजत. वडिलांना त्यांनी आमच्या घराची चतुःसीमा सांगितली. पश्चिमेस ते स्वतः, पूर्वेस पिठाची गिरणी, दक्षिणेस रस्ता, उत्तरेस कोरडा ओढा. मग म्हणाले, आमच्या जास्वंदीची एक फांदी नऊ इंच त्यांच्या हद्दीत येते. त्यांचं काही म्हणणं नाही, पण नोंद असावी. त्या फांदीची फुलं काकू पूजेला तोडतील.

"हरकत असल्यास कळवावी," ते म्हणाले, आणि आमच्याकडे पाहत थांबले.

हे त्यांचं थांबणं मला पहिल्याच दिवशी दिसलं. वाक्य सगळेच बोलतात, पण काका ते बोलून खरोखर थांबत. दोन-तीन श्वास. डोळे बारीक करून समोरच्याच्या तोंडाकडे बघत. वडील हसून म्हणाले, छे छे, हरकत कसली. काकांनी मान हलवली, आणि मला उगाचच वाटलं की त्यांची थोडी निराशा झाली.

पुढे कळलं की ते वाक्य त्यांच्या प्रत्येक बोलण्याच्या शेवटी असायचं. "मी आता आंघोळीला जातो, हरकत असल्यास कळवावी." "आज भाकरी बाजरीची कर, हरकत असल्यास कळवावी." एकदा मारुतीच्या देवळात नारळ फोडून झाल्यावर त्यांनी ते मारुतीलाही म्हटल्याचं पोस्टमन सदाशिव सांगायचा. मारुतीपुढंही ते तसेच थांबले होते म्हणे.

घोड्यांचा उलगडा आठवड्याभरानं झाला. आईनं मला वाटीभर तिळाची चटणी देऊन पलीकडे पाठवलं. ओसरीत बाजेवर एक भलंमोठं मेणकापड पसरलं होतं. एका बाजूला कुठल्याशा गावाचा खरा नकाशा होता, शाई सांडल्यामुळे कचेरीनं टाकून दिलेला. काकांनी तो घरी आणून उलटा केला होता आणि मागच्या कोऱ्या बाजूवर स्वतःचा देश आखला होता. नद्या, डोंगर, माळ, आणि लहानमोठे साठ तुकडे. प्रत्येकाला नंबर. काही तुकड्यांवर चिंचोके, काहींवर लाल गुंजा, कुठे सोड्याच्या बाटलीची झाकणं.

खेळाचं नाव मुलूख. चिंचोके म्हणजे शिपाई, गुंजा म्हणजे घोडे, झाकण म्हणजे विहीर. नवं गाव वसवायचं तर आधी विहीर पाडायची. विहिरीविना वसवलेलं गाव तीन दिवसांत उठलं. गावाला रोज दोन दाणे ज्वारी पिकायची, शिपाई रोज एक दाणा खायचा, आणि आपल्या हद्दीबाहेर गेला की दोन खायचा. प्रत्येकाची ज्वारी काडेपेटीत. दिवसाला एक खेळी, संध्याकाळी पाच वाजता, चहा झाल्यावर. एक डाव सहा-सहा महिने चाले.

हे सगळं काकांनी स्वतः रचलं होतं आणि एका वहीत नियम लिहून ठेवले होते. वहीत दुरुस्त्याही होत्या. पहिल्या वर्षी गावं दाखवायला शेंगदाणे ठेवत. एका दुपारी काकू मेणकापडावरची धूळ झटकायला बसल्या आणि बोलता बोलता दक्षिणेची चार गावं खाऊन बसल्या. "भूक लागल्ती," त्या म्हणाल्या. काकांनी साथ आल्याची नोंद केली आणि खाली दुरुस्ती लिहिली: वसाहतीसाठी शेंगदाणे बंद, यापुढे कवड्या.

मी चटणी ठेवली आणि नकाशाकडे बघत राहिले. किती वेळ ते कळलं नाही. काका म्हणाले, "पूर्वेकडचा मुलूख मोकळा आहे. तुमचं घर पूर्वेला. तेव्हा तो तुमच्या नावे करतो. हरकत असल्यास कळवावी."

मी काही बोलले नाही. काकांनी तीन श्वास वाट पाहिली आणि वहीत नोंद केली. त्या दिवसापासून त्या घरात माझं नाव पूर्व झालं. "आली का पूर्व?" काकू चुलीपाशी बसून विचारायच्या, "चहा घे, मग लढ."

खेळी तोंडानं सांगायचा नियम होता. ते मला जमेना. ओसरीवर सदाशिव बसलेला असायचा, कधी गिरणीवाला. त्यांच्यासमोर "तेवीस नंबरावर चाल" असं मोठ्यानं म्हणणं मला कपडे काढण्यासारखं वाटायचं. मी चिठ्ठी लिहून दिली. पहिली चिठ्ठी सवयीनं इंग्रजीत लिहिली. काकांनी ती चष्मा लावून दोनदा वाचली आणि मागे शेरा मारून परत केली: परकीय भाषेतील दस्त, सोबत मराठी तर्जुमा जोडावा. मी तर्जुमा जोडला. तेव्हापासून माझ्यापुरती सवलत मिळाली. चाल चिठ्ठीनं, वसाहत चिठ्ठीनं, लढाईची नोटीससुद्धा चिठ्ठीनं. फक्त एक गोष्ट चिठ्ठीनं होणार नव्हती. काकांनी बोट ठेवून दाखवलं. नियम अकरा: तह चिठ्ठीने होणार नाही. दोघांनी समोरासमोर बसून, तोंडाने, दोन पंचांदेखत करावा.

"का?" असं माझ्या चेहऱ्यावर दिसलं असावं.

"आहे नियम," काका म्हणाले, आणि चहाची बशी उचलली.

आता मला सांगायला संकोच वाटतो, पण चिठ्ठीवर मी फार भयंकर होते. कॉलेजात हजेरीला "येस सर" म्हणताना माझा आवाज पहिल्या बाकापर्यंतही पोचायचा नाही, आणि इकडे मी तीन आघाड्यांवर लढत होते. मार्च संपायच्या आत मी काकांचे सात नंबर घेतले. काका चकित झाले. सदाशिवला सांगायचे, "ही पोरगी बोलत नाही आणि झोपेतून उठून गढ्या घेते." सदाशिव सायकल स्टँडवर लावून बघायला यायचा. "काय हाय आज काका? तह का लढाई?" तो तहाचा कायमचा पंच होता. काका-काकूंच्या तहांवर त्याच्या सह्या होत्या. एका तहावर त्यानं टपालाचा शिक्काच मारला होता.

एप्रिलमध्ये माझी काडेपेटी रिकामी झाली. घेतलेले सात नंबर राखायला चौदा शिपाई बाहेर बसले होते आणि दुप्पट खात होते. नवी विहीर पाडायला दाणा नव्हता. शिपाई माघारी बोलवावेत तर काका टपलेले. त्या सगळ्या दंगलीत पश्चिमेला काकूंनी अकरा गावं वसवली होती, अकराही विहिरींसकट, आणि त्यांच्याकडे शिपाई होते तीन. मी आणि काका लढत होतो तेव्हा त्या आम्हा दोघांशीही बोलत होत्या. त्यांचं राजकारण चुलीपाशी चालायचं. "तुला शेंगोळ्या आवडत्यात ना, पोरी? मंग तो सव्वीस नंबर सोड. तुला तिथं काय पिकनार हाय, निस्ता खडक." मी ताटलीभर शेंगोळ्या खाऊन सव्वीस नंबर सोडला. काकांनी वहीत 'लाच' असं मोठ्यानं म्हणत लिहिलं. काकू म्हणाल्या, लिहा, आणि तुमाला वाढायचं का न्हाई ते बी लिहा. काकांनी तो शब्द खोडला.

मेच्या मध्यावर मी संपले. काकांनी माझा शेवटचा चिंचोका उचलून मला परत दिला. ते म्हणाले, "सैन्य चांगलं होतं. पण बघ, मी दोनदा अडचणीत होतो. चार दाण्यांवर तू मला तहाला बोलावलं असतंस तर मी आलो असतो. मी वाट बघत होतो. तुझ्या मुलखाला तोंड नाही, पोरी."

काकूंनी पाठीमागून विचारलं की मुलखाचं जाऊ द्या, पोरीला का बोलता. काका लगेच म्हणाले, "बोललो ते जास्त झालं. हरकत असल्यास कळवावी." आणि माझ्याकडे बघत थांबले. मी मान खाली घातली.

दुसरा डाव जूनमध्ये मांडला. पाऊस येईल म्हणून सगळे आभाळाकडे बघत होते, आणि पाऊस आला नाही. जुलै कोरडा गेला, ऑगस्ट गेला. गल्लीच्या टोकाला टँकर यायला लागला. काका रांगेत उभं राहून हंड्यांमधलं अंतर मोजायचे. घरात मात्र पाच वाजता मुलूख चालू असायचा, आणि त्यातल्या झाकणांच्या विहिरींना भरपूर पाणी होतं.

या डावात मी शहाणपणानं घेतलं. आधी विहिरी, मग गावं, शिपाई थोडे. पसरत पसरत मी नदीकाठानं खाली आले आणि एक दिवस एक्केचाळीस नंबरात शिरले. लहानसा तुकडा होता. त्यात विहीर होती, पण झाकणाची नव्हे. काळ्या शाईनं कायमची काढलेली, भोवती दोन रेघांचं कडं. पहिल्या डावात तिथे कुणीच गेलं नव्हतं, आणि असा आयता विहिरीचा नंबर मोकळा का, हे मला कोडं होतं. मी चिठ्ठी दिली: एक्केचाळीस, वसाहत.

काकांनी चिठ्ठी वाचली. परत वाचली. मग म्हणाले, "तो नंबर वादातला आहे. तिथं कुणी जायचं नाही."

वहीत असा नियम नव्हता. वही मला पाठ होती. काकांनी माझी कवडी उचलून माझ्या हातात परत दिली. त्या दिवशी त्यांनी स्वतःची खेळी केली नाही. उठून फाटकापर्यंत गेले आणि परत आले. पावलं मी मोजली. त्यांचे ओठ हलत नव्हते.

दुसऱ्या दिवशी ते बाजारात गेलेले असताना मी काकूंजवळ हुलगे निवडायला बसले. मी विचारलं नाही. गप्प माणसाचा एक फायदा असतो, त्याच्याजवळ लोक आपणहून बोलतात.

काकू म्हणाल्या, "ती आमची हीर हाय."

सुप्याहून आत चार मैलांवर त्यांचं गाव. काका आणि धाकटे ज्ञानदेव, दोघे भाऊ, एकत्र घर. चौदा वर्षांपूर्वी जमिनीची वाटणी करायची ठरली. भांडण नव्हतं. पुढे पोरींची लग्नं, सोयरे, त्याआधी कागद साफ असावेत इतकंच. आपलीच जमीन आपण मोजायची नाही असा खात्याचा नियम होता, म्हणून काकांनी कचेरीतला दुसरा मोजणीदार बोलावला. पण मोजणीची नोटीस लगतच्या खातेदाराला गेली पाहिजे. लगतचा खातेदार म्हणजे भाऊ. काकांनी स्वतःच्या अक्षरात नोटीस भरली, कचेरीचा शिक्का घेतला आणि रजिस्टर टपालानं घरच्या पत्त्यावर लावून दिली. हरकत असल्यास पंधरा दिवसांत कळवावी.

"दोगं भाऊ एका ताटात जेवत हुते," काकू म्हणाल्या. "टपालवाला आला. भावजींनी हात धुतला, सही केली, वाचलं. ह्ये समोर बसलेले. म्हनले, 'वाच नीट, काय असंल तर कळव.' भावजींनी कागद घडी करून टोपीत घातला. पुन्ना काय त्या ताटाला हात लावला न्हाई."

पंधरा दिवस घर तसंच चाललं. ज्ञानदेव बोलले नाहीत. काकांनी समजून घेतलं की हरकत नाही. सोळाव्या दिवशी साखळी पडली, दगड रोवले गेले. मोजणी बिनचूक होती, आणि त्या बिनचूक मोजणीत विहीर तीन हातांनी काकांच्या बाजूला आली.

"एक शब्द बोलला असता तर मी दगड अलीकडं घेतला असता, असं ह्ये अजून म्हनतात. आनि भावजी वेगळं ऱ्हायला जाताना मला काय म्हनले सांगू? 'वहिनी, घरातल्या मानसाला टपालानं विचारत्यात व्हय?'" काकूंनी एक खडा काढून अंगणात टाकला. "तवापास्नं भावजींनी त्या हिरीचा पोहरा धरला न्हाई. आनि ह्येंनी बी ती जमीन केली न्हाई. पडून हाय."

त्या सुपाकडे बघत म्हणाल्या, "ते 'हरकत असल्यास कळवावी' बी तवापास्नंच. आदी न्हाई म्हनायचे. कचेरीत लिहायचे, घरात कदी न्हाई."

मी हुलगे निवडत राहिले. मारुतीपुढं थांबलेले काका मला दिसत होते.

त्यानंतर मी एक्केचाळीस नंबराच्या वाटेला गेले नाही. काकूही जात नव्हत्या, काकाही नाही. आम्ही तिघं त्या तुकड्याला वळसा घालून लढत आणि पसरत राहिलो. नदीकाठचा सगळ्यात चांगला मुलूख त्या एका विहिरीमुळे अडून पडला होता आणि तिघांचेही शिपाई लांबच्या वाटेनं जाऊन दुप्पट दाणे खात होते.

जानेवारीत नगरच्या बाजारात काकूंना त्यांच्या गावची एक बाई भेटली. काकूंनी घरी येऊन ते चहाच्या वेळी सांगितलं, अगदी सहज सांगितल्यासारखं. गावात पाणी नाही. ज्ञानदेवांची बायको दोन मैलांवरच्या झऱ्यावरून हंडे आणते. कमरेनं वाकली आहे. पठाऱ्यांच्या विहिरीला अजून पुरुषभर पाणी आहे. कुलूप नाही, कुंपण नाही. गावची माणसं नेतात. ते घर तेवढं नेत नाही.

काका तेव्हा खेळी सांगणार होते. त्यांच्या हातात गुंज होती. ती त्यांनी डबीत टाकली आणि डबी बंद केली.

तीन दिवस मुलूख बंद राहिला. पाच वाजता चहा व्हायचा आणि काका बाजेवर बसून राहायचे. चौथ्या दिवशी शनिवार होता, मी कॉलेजातून लवकर आले. काकूंनी भिंतीवरून हाक मारली, "पूर्व, जरा ये बरं." काकांच्या मांडीवर पाट होता आणि पाटावर एक पोस्टकार्ड. कार्ड लिहून झालं होतं. ते मला वाचायला दिलं, शुद्धलेखनासाठी, असं ते म्हणाले. कॉन्व्हेंटात शिकलेल्या मुलीला मराठी शुद्धलेखनासाठी कुणी कधी काही दाखवलेलं नव्हतं.

मी मनात वाचलं. वर 'चि. ज्ञानूस' लिहून खोडलं होतं आणि 'श्री. ज्ञानदेव पठारे यांस' केलं होतं. मग असं होतं: आमचे मालकीचे जमिनीतील विहिरीचे पाणी आपण व आपले कुटुंबीयांनी आजपासून कायम वापरावे. हद्दीचा दगड विहिरीचे पलीकडे आमचे बाजूस सरकवून घेणेस आमची संमती आहे. याबाबत आपली काही हरकत असल्यास पंधरा दिवसांत कळवावी. खाली 'लोभ असावा' लिहून खोडलं होतं. त्याच्याखाली पुन्हा लिहिलं होतं, पुन्हा खोडलं होतं. खोडाखोडीवरून बोट फिरवलं तर कार्ड तिथे खरखरीत लागत होतं.

"चूक आहे काही?" काकांनी विचारलं.

मी शुद्धलेखनाची एक वेलांटी दाखवली. त्यांनी ती नीट करून कार्ड पुन्हा माझ्या हातात दिलं. काकू दाराच्या चौकटीला टेकून उभ्या होत्या. त्यांनी कार्ड वाचलं नव्हतं, त्यांना वाचता येत नव्हतं, पण त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या आणि त्यांना सगळं कळत होतं.

तेवढ्यात सदाशिवची सायकल फाटकाशी वाजली. त्याची दुपारची फेरी. तो ओसरीपर्यंत आला, मेणकापड गुंडाळलेलं बघून म्हणाला, "काय काका, राज्यं बुडाली का काय?" काकांनी कार्डाकडे हात केला. "पोरीकडून घे. आजच्या डाकेनं गेलं पाहिजे."

सदाशिवनं माझ्यापुढे हात केला. काका उभे राहिले, टोपी नीट केली आणि आम्हा तिघांना मिळून, सवयीनं, म्हणाले,

"कार्ड आज जाईल. हरकत असल्यास कळवावी."

आणि थांबले.

वर्षभर मी त्या थांबण्यात गप्प उभी राहिले होते. तीन श्वास पुरे झाले की काका मान हलवायचे आणि नोंद करायचे. आता पहिला श्वास गेला. मला ते गाव दिसत होतं, मी न पाहिलेलं. सदाशिवसारखाच कुणीतरी एका दारात उभा आहे. ज्ञानदेव हात धुऊन येतात, कार्ड वाचतात, घडी करतात, टोपीत घालतात. पंधरा दिवस जातात. इकडे काका दिवस मोजतात. सोळाव्या दिवशी काय समजायचं ते समजतात.

दुसरा श्वास गेला. सदाशिवची बोटं कार्डाला लागली. मी कार्ड सोडलं नाही. सदाशिवनं थोडं ओढलं, मग माझ्याकडे बघितलं आणि हात मागे घेतला.

सुप्याची एस.टी. तीन वाजता सुटते हे मला माहीत होतं. काकूंनी पायांत वहाणा केव्हा घातल्या ते मला दिसलं नव्हतं, पण घातल्या होत्या.

"काका," मी म्हणाले. आवाज माझा मलाच अनोळखी वाटला. सगळे माझ्याकडे वळले आणि मी थांबले नाही. "माझी हरकत आहे. नियम अकरा. तह चिठ्ठीनं होत नाही."